गफ्फार सरांची एकी-बेकी

आमच्या हेडमास्तरांचा आवडता शब्द 'सहज'. निवडणुकीच्या कामाला शाळेतून दोन शिक्षकांची नावं पाठवायची असली की ते डोळे मिटायचे, पेन हवेत गरगर फिरवायचे आणि हजेरीपटावर टेकवायचे. "सहज टेकवलं. ज्याचं आलं त्याचं आलं," असं म्हणून सही ठोकायचे. ते पेन दर वेळी गवई सरांच्या, नाही तर गफ्फार सरांच्या नावावर टेकायचं. स्टाफरूममध्ये आडनावं पुष्कळ होती, पण पेनाला बाकीची वाचता येत नसावीत.

एकदा गफ्फार सर कागदावर सही करता करता म्हणाले, "सर, तुमचं पेन लई शिकेल हाय. डोये मिटून भी वाचते."

हेडमास्तर खूश झाले. त्यांना ते कौतुक वाटलं. पुढच्या निवडणुकीलाही गफ्फार सरच गेले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव अजून रागावलेलं आहे. लोणारच्या रस्त्यावर आहे, नगरपंचायत आहे आणि एसटी तिथे थांबते, म्हणजे थांबायचं तिच्या मनात आलं तर थांबते, एवढं पुरे.

गफ्फार सर गणिताचे. शाळेला कम्प्युटर मिळाले तेव्हा ते कोणी शिकवायचे यावर बैठक झाली. चालू करायचं बटण ज्याला सापडेल त्याने, असं ठरलं आणि सर सापडले. उंच, किडकिडीत माणूस. वैशाखातसुद्धा शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. पँटच्या खिशात कायम फुटाणे. पण फुटाणे ते कोणाला सरळ देत नसत. मूठ पुढे करायचे आणि विचारायचे, "एकी का बेकी?" मुठीतले दाणे विषम की सम, ते ओळखायचं. बरोबर आलं तर फुटाणे तुमचे. चुकलं तरी तुमचेच, पण मग सोबत व्याख्यान मिळायचं.

"मॅडम, तुमी कालही एकी म्हनलं, परवाही एकी. उद्याही एकीच म्हनसान. मले मूठ उघडाची गरजच नाई."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बेकी म्हणाले.

"हे भी मले माईत होतं," सर म्हणाले. "मी टोकलं म्हनून तुमी बदललं. याले मर्जी म्हंत नाईत."

माणसाला ठरवून अगडमबगड वागता येत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. नवी मुलं वर्गात आली की ते म्हणायचे, एक ते दहामधला कोणताही आकडा मनात धरा. मग फळ्यामागे आधीच लिहून ठेवलेला सात दाखवायचे. अर्धा वर्ग तोंडाचा आ करून बसायचा. उरलेल्या अर्ध्यांनी सात धरलेला नसायचा, पण आपण वेगळे पडलो म्हणून तेही 'सातच' म्हणायचे. सर म्हणायचे, हे दुसरे लेकरं पुढं राजकारनात जातीन.

त्यांच्याच तासाला एकदा मी मागच्या बाकावर बसले होते. वर्गात मोकळी जागा होती म्हणून नव्हे. हेडमास्तरांनी मला 'सहज' तपासणीला पाठवलं होतं. सर कम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होते.

"हा म्हंजे लई सरळ गडी. त्याले म्हना बेरीज कर, करते. म्हना गुनाकार कर, करते. आता त्याले म्हना, मनाले येईन तो आकडा सांग. तो कुठून सांगन? त्याले मनच नाई. मंग तो काय करते? एक आकडा धरते. त्याले कशानं तरी गुनते, त्याच्यात काई तरी मियवते, भागते, आन बाकी उरली ते तुमच्या तोंडावर मारते. म्हंते, घ्या रँडम. पुढचा पाह्यजे? त्याच बाकीवर पुन्हा तोच हिशेब. तुमाले वाट्टे सारं वाकडंतिकडं चाललं. पन ते पाढ्यासारखं ठरेल हाय. पयला आकडा ज्याले माईत, त्याले सारे माईत."

एका मुलीने विचारलं, मग पहिला आकडा कुठून येतो?

"हाव, हे बरोबर इचारलं. त्या पयल्या आकड्याले बी म्हंतात. ते दर खेपी नवं पाह्यजे. घड्याळातून घ्या, कोनी बटन कोन्या क्षनाले दाबलं त्याच्यातून घ्या, पन मशीनच्या बाहेरून घ्या. जुनंच बी टाकलं त जुनंच पीक येईन. मशीन लबाड नाई बाप्पा. तिले लबाडी येत नाई, हेच त तिचं दुखनं हाय."

मी अहवालात लिहिलं की तास समाधानकारक झाला. कळलं अर्धंच होतं, पण अहवालाला तेवढं चालतं.

आपण तोंडाने ज्याला उत्तर विचारू तोही आपल्या सवयीचाच असणार, म्हणून सर वर्गात स्वतः कोणाला उठवत नसत. आमची शाळा रस्त्याला लागून. सर खिडकीतून बघायचे आणि पुढची जी गाडी जाईल तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ज्याचा हजेरी क्रमांक, तो उठायचा. मोठा क्रमांक आला तर पुढची गाडी. एसटी आली की सर हात जोडायचे. आपल्या जिल्ह्यात एसटीची वेळ तेवढी खरी रँडम आहे, तिचा अंदाज तिच्या ड्रायव्हरलाही नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पोरं पोरं असतात. दुधाचा टेम्पो रोज दुसऱ्या तासाला ठरलेल्या वेळी जातो हे त्यांनी हेरलं आणि त्या क्रमांकाचा मुलगा रोज त्या वेळी पाणी प्यायला जायला लागला. सरांना हे उमगलं तेव्हा मला वाटलं, आता वर्गाची धडगत नाही. सर खुर्चीत बसून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मला कळलं की हा माणूस फक्त हरल्यावर हसतो. जिंकल्यावर त्याचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा असायचा.

दर वर्षी आमची सहल लोणारला जायची, कारण दुसरीकडे जायला आधी एसटी मिळावी लागते. सरोवराच्या काठावर उभं राहून मी एकदा म्हणाले, "सर, ही उल्का बघा. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी शिफारस केली नव्हती. ही तर खरी रँडम पडली."

"नाई मॅडम. तिचा भी हिशेब असन. कवा निघाली, कुठून निघाली, सारं ठरेल. आपल्याले माईत नव्हतं, एवढंच. आपल्याले जे माईत नाई, त्याले आपन नशीब म्हंतो." मग म्हणाले, "रफिक असता त त्यानं सांगतलं असतं कुठं पडन ते."

रफिक त्यांचा धाकटा भाऊ. वडील गावोगाव हिंडून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. तेव्हा हे दोघं रस्त्याच्या कडेला चिंचोके घेऊन एकी-बेकी खेळायचे. कधी गाडी येताना दिसली की तिच्या नंबरावर खेळायचे. रफिक दर वेळी जिंकायचा. मोठा भाऊ मुठीत किती चिंचोके घेणार हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. "म्या लई डोकं लावलं," सर सांगायचे, "पन तो माही मूठ बाहेरून वाचे. मंग म्या म्हनलं, असा आकडा कसा काढाचा जो रफिकले भी ओयखू येनार नाई? त्याच्यातच गनिताले लागलो." म्हणजे जिल्ह्यातल्या एका शाळेला गणिताचा शिक्षक मिळाला तो चिंचोक्यांमुळे. सरकारला कळलं तर चिंचोक्यांवर योजना काढतील.

रफिकने वडिलांचाच धंदा धरला. बसस्टँडच्या फाटकाशी त्याची हातगाडी. गाडीवर पिंजायची मशीन, तिला शेजारच्या चहाच्या टपरीतून आणलेली वायर, वर निळी ताडपत्री. कापसाचं आणि पावसाचं जमत नाही. आभाळ भरलं की त्याची ताडपत्री ओढायची धावपळ सुरू व्हायची. एकदा पावसाळ्यात एका घरच्या रुखवताच्या गाद्या भिजल्या आणि मुलीच्या बापाने भर रस्त्यात त्याला नाही नाही ते ऐकवलं. रफिक खाली मान घालून ओला कापूस पिळत होता. त्याला बाकी काही नको होतं. एक छप्पर हवं होतं.

ते छप्पर नगरपंचायतीने बांधलं. स्टँडसमोर गाळ्यांची एक ओळ. गाळे थोडे, अर्ज ढीगभर. गरिबांना सोडतीने द्यायचे ठरले. आजवर आमच्याकडे अशी सोडत माठातून व्हायची. चिठ्ठ्या टाकायच्या, माठ हलवायचा, एक काढायची. पण नवे मुख्याधिकारी साहेब पुण्याकडचे. त्यांना माठाची लाज वाटली. त्यांनी कम्प्युटर सोडत जाहीर केली आणि तज्ज्ञ पंच म्हणून गफ्फार सरांना बोलावलं. आमच्याकडे तज्ज्ञ म्हणजे ज्याला बटण सापडतं तो.

आदल्या दिवशी दुपारी पंचांसमोर तालीम झाली. आमच्या साहेब लोकांना तालमीशिवाय काहीच करवत नाही. झाडसुद्धा ते आदल्या दिवशी लावून बघतात. मशीन पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने ती सुरू केली, बटण दाबलं, एकेक नाव येत गेलं. तिसऱ्या गाळ्यावर रफिकचं नाव आलं. बाकीच्या पंचांनी सरांची पाठ थोपटली. सरांनी एजन्सीवाल्याला मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. पुन्हा तीच नावं, त्याच क्रमाने.

"साहेब, हे काई खरं नाई," सर म्हणाले. "दोन्ही खेपी एकच यादी आली. हे दर खेपी जुनंच बी घेऊन राह्यलं."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे बघा, किती विश्वासार्ह आहे! माठातून दोनदा एकच नाव आलं असतं का?"

सरांनी समजावून सांगितलं. पाढा सांगितला, बी सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गफ्फार सर, सॉफ्टवेअर वरून आलंय. त्यात आपण हात घालायचा नसतो. आणि उद्या आपण पूर्ण पारदर्शकता ठेवणार आहोत. लोकांसमोर मशीन बंद करायची, लोकांसमोर सुरू करायची. कोणाला शंका नको."

म्हणजे जे केल्याने हमखास तीच यादी येणार, ते प्रामाणिकपणा म्हणून सगळ्यांसमोर करायचं ठरलं. निघताना साहेब हळूच म्हणाले, "शिवाय तुमच्या बंधूंना लागतोय ना? मग अडचण काय आहे?"

सर दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते फुटाण्यांशिवाय. सोडत दुपारी होती. मधल्या सुटीत माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं. रफिकला काही बोलले नव्हते.

मी म्हणाले, "गप्प बसा, सर. तुम्ही काही लबाडी केलेली नाही. मशीनने दिलं, घ्या. एवढ्या वर्षांत हेडमास्तरांचं पेन तुमच्यावर टेकलं, एकदा मशीनचं बटण टेकलं तर बिघडलं कुठे?" मी आजही हेच सांगेन. मला त्या माणसासाठी छप्पर हवं होतं आणि ते कसं आलं याची मला काडीची फिकीर नव्हती.

"मॅडम, बाकीच्याइले काय सांगू?" सर म्हणाले. "ते तिथं नवे कपडे घालून येतीन. त्याइले वाटन, आपला भी नंबर लागू शकते. आन तो लागूच शकत नाई, हे मले कालपासून माईत हाय. म्या आजवर त्या लेकराइले काय शिकवलं मंग?"

दुपारी मीही गेले. सोडतीचा मंडप भरलेला होता. रफिक खरंच इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा होता. कम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, नारळाचं पाणी वायरीवर जाऊ नये म्हणून एकाने आपली टोपी धरली. साहेबांनी पारदर्शकतेवर भाषण केलं. मग मशीन सर्वांसमोर बंद केली, सर्वांसमोर सुरू केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला गाळा एका चांभाराला गेला. टाळ्या. दुसरा एका बांगडीवालीला. टाळ्या. सर पंचांच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, सुटलो, गप्प बसणार.

एजन्सीवाल्याचा हात बटणाकडे गेला आणि सर उभे राहिले. माईक घेतला.

"थांबा. बटन दाबाच्या आंधी मी सांगतो. तिसरा गाळा रफिक, गादीवाला. माहा भाऊ. चौथा पाचवा भी सांगतो," असं म्हणून त्यांनी पुढची दोन नावंही सांगितली. "आता दाबा."

पडद्यावर रफिकचं नाव आलं. मग चौथं, मग पाचवं. सर म्हणाले तसंच. मागे उभ्या रफिकचा चेहरा आपलं नाव बघून असा फुलला की मला तो अजून दिसतो. मग तो हळूहळू मावळला, कारण मंडपात कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

सर सांगत होते, बघा, हे आधीच ठरलेलं आहे, यात कोणाचं नशीब नाही. ते कोणी ऐकलं नाही. गावाने आपल्या अकलेप्रमाणे अर्थ काढला. मागून एक जण ओरडला, "सरनं सेटिंग केली बे! भावाले गाळा घेऊन राह्यला!" दुसरा म्हणाला, "सेटिंग केली त मंग सांगून काऊन राह्यला?" पहिल्याने त्याला गप्प केलं. एवढा विचार करायची ती वेळ नव्हती.

सोडत रद्द झाली. साहेबांनी ज्याची लाज वाटत होती तो माठ मागवला. माठाने रफिकला काही दिलं नाही.

पुढे चौकशी बसली. यंत्र बिघडलं कसं, याची नव्हे. गफ्फार सरांना नावं आधी कळली कशी, याची. आदल्या दिवशीची तालीम साहेबांना आणि बाकीच्या पंचांना आता आठवतच नव्हती. सरांनी समितीला दीड तास पाढा समजावला. समितीने सगळं ऐकून पासवर्ड लेखी द्यायला सांगितलं. पासवर्ड नाहीच म्हटल्यावर 'सदर शिक्षक माहिती दडवत आहेत' असा शेरा आला. आमच्या हेडमास्तरांनी त्यांच्याकडून कम्प्युटरचा तास काढून घेतला. सहज.

सरांना याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याचं. मंडप उठला तेव्हा रफिक त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. एवढंच म्हणाला, "भाईजान, तुमाले हिशेब बरोबर पाह्यजे होता. मले छप्पर पाह्यजे होतं." त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. ईदला सर त्याच्या घरी गेले, शीरखुर्मा मिळाला, शब्द मिळाला नाही. स्टाफरूममध्ये सर पुन्हा फुटाणे आणायला लागले, पण मूठ पुढे करेनात. पुडीच टेबलावर ठेवायचे. ज्याला हवे त्याने घ्यावेत. मला त्या पुडीकडे बघवत नसे.

मग माझी बदली चिखलीकडे झाली. नंतर एकदा काही कामाने लोणारला निघाले होते. एसटी होती, उशिरा होती, हे सांगायला नको. वाटेत त्या जुन्या गावात शिरताना आभाळ गच्च भरून आलं आणि सरी कोसळायला लागल्या. स्टँडच्या फाटकात एक टेम्पो आडवा मागे घेत होता, त्याच्या मागे आमची गाडी अडकून उभी राहिली. मी खिडकीतून पाहिलं तर शेजारीच रफिकची हातगाडी. रफिक तोंडात सुतळी धरून ताडपत्रीचं एक टोक बांधत होता. दुसरं टोक दोन्ही हातांनी वर धरून गफ्फार सर उभे होते. बाह्या मनगटापर्यंत बंद आणि पार भिजलेल्या. कंडक्टर गावचाच. तो म्हणाला, "आभाय आलं की सर येते. शाळा सुटेल असो की नसो. रफिक बोलत नाई, पन टोक त्याच्याच हाती देते."

सरांची नजर सवयीने आमच्या गाडीच्या नाकाकडे गेली. नंबर टेम्पोच्या आड होता. रफिकने ते पाहिलं. तोंडातली सुतळी काढली, भावाकडे न बघता गाठ मारली आणि म्हणाला, "बेकी."

सर दचकले. ताडपत्री त्यांच्या हातातून सुटता सुटता राहिली. मग म्हणाले, "एकी."

टेम्पो हलला. आमची गाडी पुढे निघाली. गाडीत बसलेल्याला गाडीचा नंबर दिसत नाही, त्यामुळे काय आलं ते मला कळलं नाही. मी खिडकीतून मान काढून मागे पाहिलं. ताडपत्रीवर साचलेलं पाणी सरांच्या डोक्यावर सांडलं होतं, कापूस कोरडा होता आणि सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. म्हणजे हरले असणार.